गोल्फ स्पर्धांतील नियमबाह्य साधने : खेळाडूचा हेतू, नियमाची काटेकोरता आणि तपासणीचा प्रश्न

प्रस्तावना :

बहुतेक स्पर्धात्मक खेळांत नियमभंग शोधण्याचे काम पंचाकडे सोपविलेले असते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडला किंवा नाही, हे पंच ठरवितो. खेळाडूने ते स्वतः सांगावे अशी अपेक्षा नसते. गोल्फची रचना याहून निराळी आहे. मोठ्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू अठरा होलच्या विस्तीर्ण मैदानावर लहानलहान गटांत विखुरलेले असतात आणि प्रत्येक फटक्याजवळ पंच उभा राहू शकत नाही. त्यामुळे नियम पाळणे, भंग झाल्यास तो सांगणे आणि दंड लावून घेणे ही जबाबदारी प्रथम खेळाडूवरच येते. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी आपला चेंडू किंचित हलल्याचे स्वतःहून सांगितले आणि एका फटक्याचा दंड घेतला. पुढे बरोबरी झाली आणि निर्णायक लढतीत त्यांचा पराभव झाला. स्वयंशिस्तीचे उदाहरण म्हणून हा प्रसंग गोल्फच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो.

परंतु चेंडू हलला किंवा नाही, हे निदान खेळाडूच्या डोळ्यांना दिसते. क्लबच्या तोंडाचा धातू किती लवचिक आहे, त्यावरील खाचेची कड किती धारदार आहे, चेंडूवरील खळग्यांची रचना मान्यताप्राप्त आहे किंवा नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. साधनच नियमबाह्य असेल आणि खेळाडूला त्याची जाणीवच नसेल, तर त्याची सचोटी नियमाचे रक्षण कसे करणार? प्रस्तुत लेखात नियमबाह्य साधनांच्या वापराचे प्रमुख प्रकार प्रत्यक्ष घटनांच्या आधारे स्पष्ट केले असून, नियमभंग आणि फसवणूक या दोन संकल्पनांतील अंतराचा विचार केला आहे.

१. नियमांची चौकट :

गोल्फचे नियम दोन संस्था संयुक्तपणे तयार करतात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील 'आर अँड ए' ही एक आणि १८९४ मध्ये स्थापन झालेली 'युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन' म्हणजेच यूएसजीए ही दुसरी. अमेरिका व मेक्सिको यूएसजीएच्या अधिकारक्षेत्रात येतात. भारतासह उर्वरित जगात आर अँड एचा अधिकार चालतो.

या नियमांत 'क्लब' म्हणजे चेंडू टोलविण्याचे साधन. लांब फटक्यासाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरांसाठी आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी वेज आणि हिरवळीवर चेंडू लोटण्यासाठी पटर असे त्याचे प्रकार आहेत. एका फेरीत खेळाडूने अधिकाधिक १४ क्लब बाळगावेत, ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये आली. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत मर्यादित आहे. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. यांशिवाय चेंडूचा आरंभीचा वेग, त्याचे एकूण अंतर आणि क्लबच्या तोंडाची लवचिकता यांवरही मर्यादा आहेत.

या सर्व मर्यादांमागील तत्त्व एकच आहे. फटक्याचे यश मुख्यतः खेळाडूच्या कौशल्यावर अवलंबून असावे, साधनावर नव्हे. मात्र कौशल्य कोठे संपते आणि साधनाचे साहाय्य कोठे सुरू होते, ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती नियमकर्त्यांनी आखली आहे आणि काळानुसार हलविलीही आहे.

२. वैधतेची बदलती रेषा :

१९०४ मध्ये वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकन खेळाडूने सँडविच येथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले. त्यांच्या हाती 'शेनेक्टडी' नावाचा पटर होता. त्याची दांडी डोक्याच्या टोकाला न बसविता मध्याजवळ बसविलेली होती. त्या दिवशी हे साधन पूर्णपणे वैध होते. १९१० मध्ये आर अँड एने अशा रचनेच्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेने मात्र ती स्वीकारली नाही. परिणामी एकच पटर अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर वैध आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नियमबाह्य, अशी स्थिती निर्माण झाली. १९५१ मध्ये दोन्ही संस्थांनी नियमांचे एकीकरण केले, तोपर्यंत ती टिकली. पोलादी दांड्यांनाही अमेरिकेत १९२४ मध्ये मान्यता मिळाली, तर ब्रिटनमध्ये ती १९२९ मध्ये मिळाली.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. साधन 'नियमबाह्य' असणे हा त्या साधनाचा अंगभूत दोष नसून विशिष्ट काळी, विशिष्ट संस्थेने घेतलेला तो निर्णय असतो. म्हणून नियमबाह्य साधन वापरणे आणि अप्रामाणिक असणे यांना सरसकट एकच मानणे तर्कशुद्ध ठरत नाही.

३. दृश्य नियमभंग : संख्येची चूक

नियमभंगाचा सर्वांत साधा प्रकार मोजणीचा आहे. २००१ च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत रॉयल लिदम येथे अखेरच्या फेरीच्या प्रारंभी वेल्सचा इयान वुस्नम संयुक्त आघाडीवर होता. पहिल्याच होलवर त्याचा चेंडू कपाच्या अगदी जवळ थांबला आणि त्याने एक फटका वाचविला. दुसऱ्या होलच्या टीवर कॅडीने त्याला सांगितले की, पिशवीत दोन ड्रायव्हर आहेत. सरावासाठी घेतलेला जादा ड्रायव्हर काढून ठेवायचा राहिला होता. पिशवीत चौदाऐवजी पंधरा क्लब झाले आणि वुस्नमला दोन फटक्यांचा दंड झाला. स्पर्धा डेव्हिड ड्युव्हलने जिंकली. वुस्नम संयुक्त तिसरा आला.

त्या जादा ड्रायव्हरने वुस्नमने एकही फटका मारलेला नव्हता. पहिला होल आखूड असल्याने तेथे ड्रायव्हरची गरजच नव्हती. म्हणजे लाभ शून्य, हेतू शून्य, तरीही दंड पूर्ण. येथे नियम हेतू तपासत नाही. तो वस्तुस्थिती तपासतो. क्लबची संख्या मोजता येते, मनातील हेतू मोजता येत नाही, हे त्यामागील व्यावहारिक कारण आहे.

४. केवळ खेळाडूलाच कळलेला नियमभंग : चेंडूची दोन उदाहरणे

चेंडूच्या बाबतीत स्थिती अधिक सूक्ष्म असते. नियामक संस्था मान्यताप्राप्त चेंडूंची यादी प्रसिद्ध करतात आणि व्यावसायिक स्पर्धांत त्या यादीतीलच चेंडू वापरावा लागतो. नोव्हेंबर २००८ मध्ये पीजीए टूरच्या पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात अमेरिकेचा जे. पी. हेज खेळत होता. कॅडीने दिलेला एक चेंडू त्याने पहिल्या फेरीत वापरला. आपण फेरी सुरू केली त्याहून हा चेंडू निराळ्या प्रकारचा आहे, हे लक्षात येताच त्याने ते सांगून दोन फटक्यांचा दंड घेतला आणि पुढे चांगला खेळ केला. नंतर त्याच्या मनात शंका आली की, तो चेंडू कारखान्याकडून चाचणीसाठी आलेला, अद्याप मान्यता न मिळालेला नमुना असावा. त्याने स्वतः अधिकाऱ्यांशी संपर्क साधला. शंका खरी ठरली आणि तो अपात्र झाला. पुढील हंगामातील पूर्ण खेळण्याचा हक्क मिळविण्याची ती संधी त्याने स्वतःच्या शब्दाने गमावली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मेक्सिकोतील मायाकोबा स्पर्धेत रसेल हेन्लीबाबतही असेच घडले. दुसरी फेरी संपल्यावर आपल्याजवळील एका चेंडूवरील खूण किंचित निराळी असल्याचे त्याच्या लक्षात आले. चेंडू मान्यताप्राप्त होता. परंतु संपूर्ण फेरीत एकाच प्रकारचा चेंडू वापरावा, या स्थानिक नियमाचा भंग झाला होता. चार होलवर तो चेंडू वापरला गेल्याने प्रत्येकी दोन, असा एकूण आठ फटक्यांचा दंड झाला आणि हेन्ली स्पर्धेच्या पुढील भागास मुकला.

या दोन्ही प्रसंगांत खेळाडू गप्प राहिला असता तर बाहेरील कोणालाही काही कळले नसते. गोल्फची स्वयंशिस्तीची परंपरा अजूनही कार्यरत आहे, याचे हे पुरावे आहेत. मात्र दोन्ही ठिकाणी खेळाडूला भंगाचा संशय घेण्यास काहीतरी दृश्य कारण होते, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

५. फटक्याबाहेरील साधन :

नियमबाह्य साधन म्हणजे केवळ फटक्यासाठी वापरलेले साधन नव्हे. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन येथील महिला व्यावसायिक स्पर्धेत ज्युली इंक्स्टर ही ज्येष्ठ खेळाडू सुमारे अर्धा तास खोळंबली होती. शरीर सैल राहावे म्हणून तिने क्लबला वजनाचे कडे लावून सरावाचे झोके घेतले. हे दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने कळविले आणि इंक्स्टर अपात्र ठरली. फेरीदरम्यान सरावाचे कृत्रिम साधन वापरणे तेव्हाच्या नियमांनुसार अपात्रतेस कारण होते. २०१९ मध्ये लागू झालेल्या सुधारित नियमांत अशा पहिल्या भंगासाठी सर्वसाधारण दंड, म्हणजे फटक्यांच्या खेळात दोन फटके, आणि पुढील भंगासाठी अपात्रता अशी तरतूद झाली. शिक्षा आणि लाभ यांत प्रमाण असावे, हा विचार नियमकर्त्यांनी येथे मान्य केलेला दिसतो.

६. नियमात बसणारे, परंतु आक्षेपार्ह मानले गेलेले साधन :

वरील प्रकरणांच्या नेमके उलट प्रकरण 'पिंग आय-२' या क्लबचे आहे. आयर्न व वेज यांच्या तोंडावर आडव्या खाचा असतात. गवत किंवा पाणी मध्ये आले असता या खाचा चेंडूला पकड देतात आणि त्यामुळे त्याला उलटी फिरकी मिळते. १९८४ मध्ये अमेरिकेत इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या खाचांना मान्यता मिळाली. पिंगचे निर्माते कार्स्टन सोल्हाइम यांनी चेंडूचे आवरण कापले जाऊ नये म्हणून खाचांच्या कडा गोलाकार केल्या. त्यामुळे खाच नेमकी कोठे संपते आणि दोन खाचांमधील अंतर कोठून मोजायचे, हा प्रश्न उद्भवला. यूएसजीएच्या मोजणीने क्लब नियमबाह्य ठरला. निर्मात्याच्या मोजणीने तो वैध होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९० मध्ये समझोता झाला. पुढील क्लबांची रचना बदलण्यात आली. मात्र ३१ मार्च १९९० पर्यंत तयार झालेले क्लब वैध मानण्याचे ठरले.

वीस वर्षांनी या समझोत्याने अनपेक्षित रूप घेतले. १ जानेवारी २०१० पासून अव्वल व्यावसायिक स्पर्धांत धारदार व खोल खाचांवर नवी मर्यादा आली. उंच गवतातूनही चेंडूला भरपूर फिरकी मिळत असल्याने सरळ फटका मारण्याचे महत्त्व कमी झाले आहे, असे नियमकर्त्यांचे मत होते. परंतु जुन्या समझोत्यामुळे १९९० पूर्वीचे पिंग आय-२ वेज या मर्यादेतून सुटले. जानेवारी २०१० मध्ये फिल मिकल्सनसह काही खेळाडूंनी ते वापरले. स्कॉट मॅक्कॅरन या सहखेळाडूने या कृतीला फसवणूक म्हटले. नंतर त्याने मिकल्सनची क्षमा मागितली. मिकल्सननेही तो क्लब बाजूला ठेवला. अखेर मार्च २०१० मध्ये पिंगने आपला हक्क सोडला आणि पीजीए टूरला ते क्लब बंद करता आले.

मिकल्सनने एकाही नियमाचा भंग केला नव्हता, तरीही त्याच्यावर आरोप झाला. वुस्नमने नियम मोडला, पण त्याला कोणी लबाड म्हटले नाही. नियमाचे अक्षर आणि खेळाचा आशय यांत अंतर पडले की, लोकमत स्वतःचा निराळा निवाडा करते, हे या दोन प्रकरणांच्या तुलनेतून दिसते.

७. अदृश्य नियमभंग : ड्रायव्हरची लवचिकता

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न ड्रायव्हरचा आहे. टायटॅनियमच्या पोकळ डोक्याचे तोंड पातळ ठेवल्यास आघाताच्या क्षणी ते किंचित दबते आणि पुन्हा उसळते. चेंडू अधिक वेगाने निघतो. १९९८ मध्ये यूएसजीएने या गुणधर्मावर मर्यादा घातली. आर अँड एने तेव्हा ती स्वीकारली नव्हती. त्यामुळे २००० च्या सुमारास बाजारात आलेला कॅलवे कंपनीचा 'ईआरसी' ड्रायव्हर ब्रिटनमध्ये वैध, तर अमेरिकेत नियमबाह्य होता. दोन्ही संस्थांत पुढे एकवाक्यता झाली आणि २००८ पासून ही मर्यादा सर्वत्र सर्व खेळाडूंना लागू झाली.

ही लवचिकता लंबकाच्या साहाय्याने तपासतात. लंबकाला लावलेला धातूचा लहान गोळा ड्रायव्हरच्या तोंडावर आदळविला जातो आणि दोन्ही पृष्ठभाग किती वेळ एकमेकांना चिकटून राहिले, हे मोजले जाते. वेळ जितका अधिक, तितके तोंड अधिक लवचिक. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची असून मोजणीतील फरकासाठी १८ मायक्रोसेकंदांची सूट आहे; म्हणजे २५७ च्या पुढे साधन नियमबाह्य. एका सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागावर येथे वैधता ठरते.

उत्पादक स्वाभाविकच या मर्यादेच्या अगदी जवळ जाणारे ड्रायव्हर बनवितात. अशा ड्रायव्हरवर ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाने हजारो आघात झाले की, धातू हळूहळू शिथिल होतो आणि त्याची लवचिकता वाढते. कारखान्यातून वैध निघालेले साधन वापरानेच एके दिवशी मर्यादा ओलांडते. खेळाडूच्या हाताला किंवा डोळ्याला हा बदल जाणवेलच असे नाही. काही वेळा तोंडाला तडा जाण्यापूर्वीची ही अवस्था असते.

जुलै २०१९ मध्ये रॉयल पोर्टरश येथील ब्रिटिश खुल्या स्पर्धेपूर्वी आर अँड एने ३० खेळाडूंचे ड्रायव्हर तपासले. त्यांत झँडर शॉफले याचा ड्रायव्हर मर्यादेबाहेर आढळला. त्याने दुसरा ड्रायव्हर घेतला. स्पर्धेत नियमबाह्य फटका मारला गेलाच नाही. परंतु बातमी फुटली आणि एका सहखेळाडूने थट्टेत का होईना, त्याला लबाड म्हटले. स्पर्धेत १५६ खेळाडू असताना केवळ तिसांचीच तपासणी का, असा शॉफलेचा सवाल होता. मे २०२५ मध्ये क्वेल हॉलो येथील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर चाचणीत अनुत्तीर्ण झाल्याची बातमी बाहेर आली. स्पर्धा स्कॉटी शेफलरने जिंकली. त्यानंतर आपलाही ड्रायव्हर त्याच आठवड्यात अनुत्तीर्ण ठरला होता, असे त्याने स्वतः सांगितले. विजय त्याने बदली ड्रायव्हरने मिळविला होता.

८. दंड, हेतू आणि प्रतिष्ठा :

नियमबाह्य क्लब केवळ बाळगण्याची शिक्षा २००८ पूर्वी अपात्रता होती. २००८ मध्ये ती फटक्यांच्या दंडापर्यंत खाली आली आणि २०१९ पासून, क्लबची संख्या चौदाच्या आत असेल तर, केवळ बाळगण्यास दंडच उरला नाही. त्या क्लबने एक जरी फटका मारला, तरी मात्र आजही अपात्रता कायम आहे. म्हणजे नियमकर्त्यांनी लाभ न घेतलेल्या खेळाडूस सवलत दिली, परंतु लाभ घेतलेल्याचा हेतू तपासण्याचे टाळले. हे धोरण कठोर असले तरी अन्याय्य नाही. हेतूवर शिक्षा अवलंबून ठेवली, तर प्रत्येक वेळी खेळाडूच्या मनाची चौकशी करावी लागेल आणि सचोटीवर उभ्या असलेल्या खेळात परस्परांविषयीचा संशयच वाढेल.

औपचारिक दंडापेक्षा जड दंड प्रतिष्ठेचा असतो. निकाल गोपनीय ठेवावेत, कारण नकळत झालेल्या बिघाडासाठी खेळाडूचे नाव डागाळू नये, असा एक पक्ष आहे. गोपनीयतेमुळेच कुजबुज वाढते, असा दुसरा पक्ष आहे. २०१९ आणि २०२५ या दोन्ही वेळी अर्धवट बाहेर आलेल्या माहितीने नेमके हेच घडविले. काही नावे कळली, उरलेली कळली नाहीत; आणि ज्यांची कळली, तेच दोषी असल्याचा समज पसरला. मूळ अडचण गोपनीयतेत नसून निवडक तपासणीत आहे. सर्वांचे ड्रायव्हर प्रत्येक मोठ्या स्पर्धेपूर्वी तपासले गेले, तर अनुत्तीर्ण ठरणे ही टायर झिजण्याइतकी सामान्य घटना मानली जाईल. तपासणी अधिक काटेकोर करण्यास शेफलरनेही अनुकूलता दर्शविली होती, हे येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :

१. नियमबाह्य साधनांच्या ज्ञात प्रकरणांपैकी येथे विचारात घेतलेली प्रकरणे मोजणीतील चूक, अनवधान, नियमाचा भिन्न अर्थ किंवा धातूची झीज यांतून उद्भवली आहेत. त्यांना सरसकट फसवणूक म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

२. साधनाची वैधता ही काळ, संस्था आणि मोजणीची पद्धत यांवर अवलंबून असते. शेनेक्टडी पटर व पिंग आय-२ ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३. खेळाडूला जे कळू शकते, तेथे स्वयंशिस्तीची परंपरा आजही पुरेशी ठरते, हे हेज व हेन्ली यांनी दाखविले. जे त्याला कळूच शकत नाही, तेथे सचोटीवर विसंबणे म्हणजे त्याच्यावर अशक्य अपेक्षा लादणे होय.

४. अशा ठिकाणी तपासणी ही विश्वासाची विरोधक नसून पूरक आहे. मात्र ती सर्वांना समान असली पाहिजे. मोजक्यांची तपासणी नियमाचे रक्षण अपुरे करते आणि प्रामाणिक खेळाडूच्या नावास मात्र हकनाक धक्का पोहोचविते.